साबणाचं तेल

मामा, काल दुपारी तुमची लेक गॅरेजवर आली होती. सोबत नवरा आणि एक जुनी काळी गाडी. कुणा डॉक्टरांनी बरीच वर्षं वापरून विकलेली ही गाडी त्यांनी नुकतीच घेतलीय. नवरा कामशेतच्या शाळेत मास्तर आहे हे तुम्हाला माहीतच आहे, तुम्हीच तर बघून दिलात. बॉनेटवर हात ठेवून तो मला म्हणाला, "हिला तेल कोणतं घालायचं तेवढं तुम्ही ठरवा. आम्हाला त्यातलं काही कळत नाही. उद्या सकाळी घाट उतरून खोपोलीला जायचंय, संध्याकाळच्या आत परत चढायचंय." ती त्याच्या मागे उभी होती. माझ्या तोंडाकडेही बघत नव्हती, हाताकडे बघत होती. तिच्या माणसाच्या जुन्या गाडीत तेल घालायचं काम माझ्यावर आयुष्यात दुसऱ्यांदा आलं. पहिल्यांदा आलं तेव्हा मी चुकीचं तेल घातलं, आणि ते जाणूनबुजून घातलं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, त्याच्याआधी तीन वर्षं आपण रोज एका ताटलीत चिवडा खाल्ला, आणि एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. आज लिहितोय.

तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि डोकं कायम तापलेलं. पुण्यात सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो. तुमच्या लेकीनं एकदा पोस्टकार्ड टाकलं. त्यात होतं तरी काय, तर शेळीला दोन पिल्लं झाली, एकाच्या कपाळावर पांढरं आहे, आणि औंढ्याला आत्या बरी आहे. खोलीतल्या एका पोरानं ते कार्ड खुर्चीवर उभं राहून बायकी आवाजात सगळ्यांना वाचून दाखवलं. मी त्याला खुर्चीसकट खाली ओढला आणि पितळी तांब्या त्याच्या तोंडावर घातला. दोन दात फरशीवर पडले. खडीसाखर सांडल्यासारखा आवाज झाला होता. रेक्टरचं बोलावणं यायच्या आत मी ट्रंक उचलली आणि लोणावळ्याला उतरलो. आईपुढे औंढ्याला जाऊन उभं राहायची हिंमत नव्हती, म्हणून तुमच्याकडे. तुम्ही एका गाडीखाली आडवे होता, पाय तेवढे बाहेर. खालूनच विचारलंत, "किती पाडलं?" बातमी माझ्याआधी पोचली होती. म्हटलं, दोन. "त्यो मोटा पान्हा दे," म्हणालात. झालं. माझं कॉलेज तिथं संपलं आणि दुसरं सुरू झालं.

तेल ठरवायची तुमची रीत लष्करातली नव्हती, तुमची स्वतःची होती. लढाईच्या वर्षांत तुम्ही गाड्या शिकलात, पण असलं काही तिथं कुणी शिकवत नसणार. गाडी आली की आधी इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढायची, पट्टीवरचं तेल उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात घ्यायचं, डोळे मिटायचे आणि बोटं कानाशी नेऊन चोळायची. मग वास. मग एक थेंब जुन्या कागदावर टाकायचा, कागदावर दगड ठेवायचा आणि चहाला निघून जायचं. चहा पिऊन येईपर्यंत थेंब पसरलेला असायचा. तो डाग बघून तुम्ही सांगायचात की गाडी किती धावली, तेल कधीचं, मालक खरं बोलतोय की नाही. मुंबईचे शेठ तुंगार्लीचे बंगले रिकामे करताना गाड्या विकायचे, आणि विकण्याआधी इंजिनाची खडखड लपवायला पन्नास नंबरचं जाड तेल भरून ठेवायचे. इंजिन मग म्हातारीनं गोधडी पांघरावी तसं गप्प. "गाडीवाला खोटं बोलंल," तुम्ही म्हणायचात, "त्याल न्हाई बोलत."

त्याच दिवसांत ते नवीन तेल बाजारात आलं. कंपनीचा माणूस नमुन्याचे डबे ठेवून गेला. डब्यावर इंग्रजीत लिहिलेलं मी मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं, की हे इंजिन आतून धुऊन काढतं. तुम्ही बोटं चोळून बघितली आणि तोंड वाकडं केलंत. "साबनाचं त्याल. नव्या इंजनाला ब्येस, जुन्याला इख." मी म्हटलं, मामा, मळ निघाला तर चांगलंच की. तुम्ही मला हाताला धरून एका मोडक्या गाडीपाशी नेलंत, तिचं चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उघडून दाखवलंत. आत खरवडून काढावी अशी काजळी बसलेली. "वीस वरीस साधं त्याल पिऊन ह्येच्या पोटात ह्ये धरलंय. ह्येच्यावरच ती उबी हाय. साबनानं ही सुटली, का जाऊन बसती त्या जाळीत. तेलाची वाट बंद. मग लोखंडावर लोखंड. कळलं का, कॉलेज?" मग माझ्या डोळ्यांवर फडकं बांधून, कधी साधं, कधी साबणाचं, तेल बोटांवर टाकायचात आणि विचारायचात, कंचं? पहिला महिना मी चुकायचो. तिसऱ्या महिन्यात चुकायचा बंद झालो. साधं तेल बोटांत जरा ओढ धरतं. साबणाचं सटकतं. गिऱ्हाइकापुढं मात्र तुम्ही म्हणायचात, "पोराच्या बोटांस्नी अजून कळत न्हाई." शिकाऱ्याला तोंडावर चांगलं म्हणायचं नाही, हाही तुमचा नेमच.

आता स्वयंपाकघरातला तो दिवस. मामी जाऊन बरीच वर्षं झालेली, चूल तुमच्या लेकीच्याच हातात. ती भाकरी थापतेय, आपण दोघं जेवायला बसलोय, आणि तुम्ही सहज म्हणता, "तळेगावची सोयरीक पक्की क्येली. टॅक्सीवाला हाय. पोरगा बरा हाय." माझा घास तोंडातच राहिला. मी म्हटलं, "मामाची पोरगी आहे. पहिला हक्क माझा." तुम्ही जेवत राहिलात. मी ताट उचलून भिंतीवर फेकलं. आमटी भिंतीवरून खाली ओघळली आणि तुमचा हात माझ्या कानाखाली बसला, असा, की अर्धा दिवस त्या कानात शिट्टी वाजत होती. तुमच्या पंजाची काळी रेघ गालावर उमटली. "हक्क?" तुम्ही म्हणालात, आवाज जराही न चढवता. "माझी एकच हाय. तुज्या हातात दिली तर एक दिस मला तिचं दात मोजावं लागतील. तिला भाऊ न्हाई. लगनात नवऱ्याचा कान पिळाया कुनी पायजेल. त्यो तू."

मामा, तुम्ही आणखी चार थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण कानपिळीला मला उभं करणं म्हणजे तिच्या आणि माझ्यामधली वाटच नांगरून टाकणं. तिच्या हाताची थाप त्या सगळ्यात एकदाही थांबली नाही, हे मी बघितलं. तोवर ती मला नुसतं "अरे" म्हणायची. अरे, जेवायला ये. अरे, बाबा बोलावतायत. दुसऱ्या दिवशी तांब्या पुढं करून म्हणाली, "दादा, पाणी घे." तो तांब्या मी विहिरीच्या काठावर आपटून चेपवला.

महिन्याभरानं तळेगावच्यानं गाडी आणली. तुंगार्लीच्या एका बंगल्यात वर्षानुवर्षं बंद पडून राहिलेली विलायती गाडी, चार दारांची, गाद्या नव्याच्या नव्या, इंजिन मात्र जुनं. तुम्ही सगळी उघडून बसवलीत, डोळ्यांत तेल घालून, जावयाची म्हणून. चेंबरातल्या काजळीला हात लावला नाहीत. शेवटी तेल भरायचं राहिलं तेवढ्यात खंडाळ्याहून निरोप आला की कुणाची तरी गाडी रस्त्यात अडलीय. हत्यारं घेऊन तुम्ही निघालात, जाता जाता म्हणालात, "चाळीस नंबरचं साधं भर. फळीवर डावीकडं हाय." सकाळचे दहा वाजले असतील. तो आणि मी, दोघंच. माणूस वाईट नव्हता. हसरा होता, बस्स. गाडीला टेकून विडी ओढत मला म्हणाला, "आतेभाऊ ना तुम्ही? कान जरा बेतानं पिळा हां. इथं घाटात हॉर्न ऐकावा लागतो."

मी फळीपाशी गेलो. दोन्ही डब्यांत बोट बुडवलं. डावीकडच्यानं ओढ धरली. उजवीकडचं सटकलं. उजवीकडचा डबा उचलला आणि सगळा त्याच्या इंजिनात ओतला.

मग आठ दिवस. तुम्हाला कधी कळलं नसेल ते आठ दिवस मी कसे काढले. गाडी तळेगाव-लोणावळा धावत होती आणि प्रत्येक फेरीला गॅरेजपुढून जाताना तो हॉर्न द्यायचा. मी हातातलं काम सोडून इंजिनाचा आवाज ऐकायचो. तिसऱ्या दिवशी आवाज छान होता, अगदी मऊ. पाचव्या दिवशी आत कुठंतरी टकटक. मला ठाऊक होतं, काजळी सुटलीय, जाळी भरत चाललीय. एक शब्द बोललो असतो तर तुम्ही तासाभरात चेंबर उतरवलं असतं. मी काय केलं, तर पान्हा घासत बसलो आणि मनातल्या मनात त्याचं तोंड फोडलं, रोज, वेगवेगळ्या हत्यारानं. मला वाटायचं गाडी बंद पडेल, चार लोक हसतील, टॅक्सीवाल्याची अब्रू जाईल. माझी अक्कल एवढीच. कॉलेजात डोकं चालवायला शिकवतात, पुढचं बघायला शिकवत नाहीत.

आठव्या दिवशी तो आईला आणि धाकट्या भावाला घेऊन खोपोलीहून घाट चढत होता. एसटीच्या ड्रायव्हरनं येऊन सांगितलं. इंजिन चढावर किंचाळलं, मग आतला रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला, उकळतं तेल काचेवर उडालं. पुढचं काही दिसेना. गाडी थांबली आणि मागं घसरायला लागली. ब्रेकनं धरलं नाही. कठड्यावर जाऊन आपटली म्हणून खाली गेली नाही. आईचं कपाळ दार उघडता उघडता दाराच्याच कडेवर फुटलं. भावाच्या नडगीचं हाड मोजा फाडून बाहेर आलं होतं. ड्रायव्हर हे सांगत होता आणि तुम्ही हात पुसत होता, पुसतच होता.

तिसऱ्या दिवशी ते आले. तो आणि त्याचे दोन चुलते. गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल त्याच्या हातात होतं, त्याच गाडीचं. आधी त्यानं तुमच्या डब्यांची फळी पाडली. मग तुमची कॉलर धरली. "सासरा म्हणून विश्वास टाकला, मिस्त्री! माझ्या आईचं डोकं शिवलंय. भावाचा पाय राहतो का जातो सांगता येत नाही. काय भरलंत तुम्ही? काय भरलंत?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. फार वेळ नाही, पट्टी ओढून परत घालावी एवढाच. मग त्याला म्हणालात, "पोराच्या बोटांस्नी कळत न्हाई अजून. मी बघाया पायजे हुतं. हात माजाच चुकला." "कुठला?" तो म्हणाला. "हा?" आणि तुमचा उजवा हात मनगटाशी धरून त्यानं बाकावर दाबला आणि हँडल खाली आणलं. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा चुलत्यानंच त्याला मागून धरला, "आरं, मरंल म्हातारा, सोड!" पण तोवर अंगठा आणि शेजारची दोन बोटं होती तशी राहिली नव्हती. तुमच्या घशातून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कुणाच्या घशातून ऐकलेला नाही. हँडल टाकून तो तिथंच खाली बसला आणि हमसून रडायला लागला. तुम्ही नाही रडलात.

मी तीन पावलांवर होतो. माझ्या हातात मोठा पान्हा होता. एका पोस्टकार्डासाठी दात पाडणारा मी, मामाचा हात चेचला जात असताना खांबासारखा उभा. सगळं लोणावळा नंतर म्हणालं, भाचा भ्याला. मी भ्यालो नव्हतो, मामा. पान्हा उचलायचा तर कुणावर, ते कळत नव्हतं. मारायला हवा तो माणूस पान्हा धरून उभा होता.

सोयरीक अर्थातच मोडली. त्यानंतरची ती सकाळ. हाताला प्लास्टर, मोडकी गाडी ओढून गॅरेजात आणलेली. तुम्ही डाव्या हातानं फुटलेल्या चेंबरातलं उरलेलं तेल काडीवर घेतलंत. चोळायला बोटं नव्हती. म्हणून माझ्या जुन्या वहीचं पान फाडून त्यावर एक थेंब सोडलात, दगड ठेवलात आणि म्हणालात, "भाच्या, च्या सांग." आपण चहा प्यायलो. दगड उचललात. साधं तेल काजळीला मधेच ठेवतं, डाग काळा आणि आखूड राहतो. हा डाग पानभर पसरला होता, राखाडी, कडेपर्यंत, साबणाचं तेल मळाला नेतं तसा. मला वाटलं, आता. आता मारतील. तुम्ही पानाची घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवली आणि म्हणालात, "उद्यापासनं माजं हात तू." बस्स. शिवी नाही, थोबाडीत नाही. त्यापेक्षा तो हँडलचा फटका मला सोसला असता.

तीन वर्षं मी तुमचा हात होतो. तुम्ही माझी बोटं तुमच्या कानाशी धरायचात आणि मी चोळायचो, आणि आवाजावरून तुम्ही सांगायचात. दुसऱ्या वर्षी मास्तरांचं स्थळ आलं. मांडवात कानपिळीला मला हाक मारलीत, ठरल्याप्रमाणं. मी मास्तरांचा कान धरला आणि पिळला, आणि पिळत राहिलो. बायका आधी हसत होत्या, मग हसायच्या थांबल्या. माझ्या नखाखाली ओलं लागलं. मास्तर पांढरे पडले पण तोंडातून ब्र नाही काढला. तेव्हा तुम्ही मागून, फक्त मला ऐकू येईल असं, म्हणालात, "सोड." मी सोडला. कानपिळीचा मान म्हणून मिळालेला नवा सदरा मी आजवर अंगात घातलेला नाही. पुढच्या पावसाळ्यात कावीळ झाली आणि तुम्ही गेलात, आणि मला वाटलं की माझी गोष्ट तुमच्याबरोबर जळाली.

काल मास्तर चहा प्यायला टपरीवर गेले. मी पट्टी ओढली, बोटं चोळली, थेंब टाकला, दगड ठेवला. डाग काळा आणि आखूड. आयुष्यभर साध्या तेलावर चाललेली गाडी. मी चाळीस नंबरचं साधं तेल भरलं, झाकण लावलं, हात पुसले. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "बाबांनी मला तो कागद दाखवला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी. डाग कसा वाचायचा तेपण सांगितलं." दहा वर्षं तिला माहीत होतं. मी विचारलं, "मग गाडी इथं का आणलीस? पुण्यापर्यंत काय गॅरेजं नाहीत?" ती म्हणाली, "बाबाच म्हणाले होते. ज्यानं जानून वाईट घातलं, त्येला चांगलं कंचं ते पक्कं ठावं आसतं." तुमच्याच आवाजात म्हणाली. मग मास्तर आले, कान खाजवत. डावा. मीच पिळलेला.

आज सकाळी ते घाट उतरले. दुपारी चारला परत चढून आले आणि गॅरेजपुढून जाताना मास्तरांनी हॉर्न दिला. इंजिनाचा आवाज ऐकला मी. बरोबर होता. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच. फळीवर दोन डब्यांच्या मधे ठेवतो, तेल झिरपून आपोआप वाचता येईनासं होईल.

पण वर मी सगळं लिहिलं नाही. थेंबाचा डाग वाचून झाल्यावर मी फळीपाशी गेलो, आणि हात उजवीकडे गेला. साबणाच्या तेलाचा डबा मी उचलला होता, मामा. झाकणही काढलं होतं. मास्तरांचं वाईट मनात आणलं असंही नाही, हातच गेला. पाठीमागून ती म्हणाली, "अरे." दादा नाही. अरे. बारा वर्षांनी. मी डबा खाली ठेवला आणि डावीकडचा घेतला. ती बोलली नसती तर मी काय ओतलं असतं, ते मला खरंच सांगता येत नाही.